आधी मागे सरा, मग हॉर्न वाजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्याच पानावर आडव्या अडकलेल्या ट्रेलरचा फोटो आणि त्याखाली 'ट्रेलरचालकाची मुजोरी' हे वाचलं. फोटो झकास आलाय. घोड्याच्या (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिन-केबिनच्या) तोंडापुढे घुसलेली पांढरी मोटार, तिच्या पाठीला लागलेल्या रिक्षा, डाव्या बगलेत शिरलेल्या दुचाक्या, सगळं स्वच्छ दिसतंय. फक्त तुमच्या बातमीदारांना दिसलं नाही. त्यांनी कोंडीत अडकलेल्या लोकांना विचारलं, ड्रायव्हरला नाही. त्यासाठी केबिनपर्यंत चढावं लागलं असतं.

मी सासवड रस्त्याला वजनकाट्यावर बसते. काट्याचा प्लॅटफॉर्म दहा फूट रुंद, गाडी आठ फुटांच्या वर. बावीस चाकी ट्रेलर त्यावर सरळ चढवायचा आणि एकही चाक बाहेर राहू द्यायचं नाही, नाहीतर वजन चुकतं. हे लोक ते फोनवर घरच्यांशी बोलत करतात (बोलू नये, मी रोज ओरडते). त्यामुळे कोणाला गाडी येते आणि कोणाला नाही, हे मला फोटोवरूनही कळतं. तुमच्या फोटोतल्या माणसाला येत होती.

चाळीस फुटी कंटेनर आणि पुढे घोडा, मिळून पन्नास फुटांच्या वर लांबी होते. वळताना घोडा जिथून जातो तिथून मागची चाकं जात नाहीत, ती आतून कोपरा कापत येतात. म्हणून डावीकडे वळायचं असलं तरी ड्रायव्हर आधी उजवीकडे घेतो, चौक ओलांडल्यासारखा पुढे जातो आणि मग कट मारतो. तेवढ्यात डाव्या हाताला जागा मोकळी होते. ती आपल्यासाठीच सोडली आहे, अशी पुण्यातल्या दुचाकीवाल्यांची ठाम समजूत आहे. ती जागा मागच्या चाकांची असते. ड्रायव्हर बसलेला उजवीकडे आणि उंचावर, डाव्या कुशीत कोण शिरलं ते त्याला दिसत नाही. 'डावा इंडिकेटर देऊन गाडी उजवीकडे घेतली' असा आरोपही बातमीत आहे. अहो, त्याला डावीकडेच जायचं होतं!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या काट्यासमोर एक गोदाम आहे. पूर्वी ट्रेलर अख्खा रस्ता वापरून दोन दमांत रिव्हर्स आत जायचा. मग रस्त्याच्या मधोमध सिमेंटचे ठोकळे आले. दुभाजक हवाच, अपघात होतात, मान्य. पण दुभाजकात वळायला मोकळी जागा कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी ट्रेलर वळताना पाहिला असेल, असं वाटत नाही. आता निम्म्या रस्त्यात ते धूड काटकोनात मागे न्यायचं, तेही डाव्या अंगाने. उजव्या अंगाने असतं तर ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून मागचं चाक बघतो. डाव्या अंगाने गाडी दुमडली की उजव्या आरशात मोकळा रस्ता आणि डाव्या आरशात नुसता कंटेनरचा पत्रा.

त्या दिवशीचा ड्रायव्हर नांदेडकडचा, वयस्कर. बरोबर क्लीनर नाही. पाऊस मी म्हणत होता. मागे कोणीतरी उभं राहायला पाहिजे, म्हणून मीच छत्री घेऊन फाटकाशी गेले. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. रिव्हर्सला स्टिअरिंग उलटं चालतं. शेपूट डावीकडे न्यायचं तर आधी उजवीकडे फिरवायचं, आणि शेपूट वळायला लागलं की लगेच घोडा त्याच्यामागे सोडायचा. उशीर झाला तर दोन्ही कात्रीसारखे मिटतात. म्हातारा इंचाइंचाने आणत होता. मागच्या तीन एक्सलचे टायर फिरण्याऐवजी आडवे घासत होते, ओल्या डांबरावरही त्यांची खरखर ऐकू येत होती. फाटकाचा खांब आणि कंटेनर यांच्यात वीट बसेल एवढी जागा उरली. एकदा पुढे घेऊन सरळ केला की काम झालं असतं.

ती पुढची जागा एका साहेबांनी घेतली. मोटार थेट घोड्याच्या बंपरपाशी आणली आणि हॉर्नवर हात ठेवला. मी जाऊन म्हटलं, "दादा, थोडं मागे घ्या, त्याला पुढे यायचंय." काच दोन बोटं खाली आली. "मला ऑफिस आहे. त्याला म्हणावं, तू मागे घे." मागे कुठे, खांबात? तोवर त्यांच्या मागे रांग लागली आणि आता मनात आणलं तरी साहेबांना सरकता येईना. एक जण तर डब्याची पिशवी छातीशी धरून कंटेनरखालून वाकून पलीकडे गेला. त्या क्षणी गाडी हलली असती तर तुमच्या मथळ्यात 'मुजोरी' नाही, 'चिरडले' आलं असतं.

शेवटी गोदामातल्या हमालांनी भिजत भिजत शेवटच्या गाडीपासून एकेक मागे सारायला लावली. साहेब मागे गेले, ट्रेलर पंधरा-वीस फूट पुढे आला आणि एका दमात आत. दंडाची पावती अर्थातच ड्रायव्हरच्या नावाने फाटली. चहा पिताना तो म्हणाला, "ताई, पुण्यात हॉर्नवर टॅक्स लावा, सगळे रस्ते फुकटात होतील."

अवजड गाड्यांवर क्लीनरची सक्ती नको, असं वाहतूकदार म्हणत आलेत. माणूस मिळत नाही, पगार परवडत नाही, ठीक. आता कॅमेरा लावू म्हणतात. पावसात त्या कॅमेऱ्यावर चिखल बसला की तो पुसायला कोण उतरणार, तेही ठरवून टाका.

आणि बातमीतला तुमचा उपाय काय, तर अवजड गाड्यांना दिवसभर बंदी. मग सगळे ट्रेलर फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कडेला रात्रीची वाट बघत उभे राहणार, रस्ता निम्मा होणार आणि तुम्ही त्याचाही फोटो छापणार. त्या ड्रायव्हरांनी दिवसभर शौचाला कुठे जायचं, याची बातमी एकदा करा. तुमचा अंक ज्या कागदावर निघतो त्याची रिळं पीएमपीच्या बसने येत नाहीत.

जाता जाता आणखी एक. पथदिव्यांबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही अर्धं कापलंत आणि खाली 'एक गृहिणी, हडपसर' असं छापलंत. हडपसर कुठे, मंतरवाडी कुठे! आणि घरचं सगळं मी करतेच, पण पत्र काट्यावर बसून लिहिलं होतं. बातमीदारांना एखाद्या दिवशी इकडे पाठवा. येताना छत्री आणायला सांगा, ट्रेलरमागे उभं करते.

आपली,
एक वाचक
(वजनकाटा चालवणारी), मंतरवाडी