संगणक आधी बंद करायला लावणाऱ्या आपणांस

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या हातून डिस्क पुसली गेली त्या रात्री आपणास फोन केल्यावर मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. आपले पहिले वाक्य मात्र पक्के लक्षात आहे. "संगणक आत्ताच्या आत्ता बंद करा, मग सविस्तर सांगा." मी तेव्हा फाइली परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर शोधत होतो आणि ते त्याच डिस्कवर उतरवून घेण्याच्या बेतात होतो. म्हणजे जे शोधायचे होते त्याच्यावरच आणखी काही लिहून ठेवणार होतो.

चूक सर्वस्वी माझी होती. विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवायचे ठरवले असताना मी संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला आणि त्यानंतर आलेली धोक्याची सूचनाही सवयीने 'पुढे' दाबून ओलांडली. 500 जीबीच्या त्या डिस्कवर अकरा वर्षांच्या टिपणवह्यांच्या फाइली, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे होती. बॅकअप होता, पण सव्वादोन वर्षांपूर्वीचा.

"हार्ड डिस्क आहे की एसएसडी?" हा आपला दुसरा प्रश्न मला त्या क्षणी अनाठायी वाटला होता, हे आज कबूल करतो. एसएसडीमध्ये (तीत फिरती तबकडी नसते, चिप असतात) कोणती जागा रिकामी झाली हे डिस्कला कळवणाऱ्या ट्रिम आज्ञेमुळे त्या जागेतील मजकूर बहुधा कायमचा जातो. हार्ड डिस्कवर मात्र अशा झटपट फॉरमॅटनंतरही, नव्या प्रणालीने प्रत्यक्ष व्यापलेला भाग सोडला तर, जुना मजकूर तसाच पडून राहतो, हे आपण समजावून सांगितले, तेव्हा कुठे मला धीर आला.

दुसऱ्या दिवशी आपण मूळ डिस्कला हात लावण्याआधी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत आपल्या 1 टीबीच्या डिस्कवर काढली आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच केले. मी उतावीळ झालो होतो, आपण झाला नाहीत. एनटीएफएस ही विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे रचनेची माहिती असलेल्या पहिल्या भागाची, एक प्रत विभाजनाच्या (डिस्कच्या स्वतंत्र भागाच्या) अखेरीस ठेवते, त्यामुळे टेस्टडिस्क या हरवलेली विभाजने शोधणाऱ्या प्रोग्रॅमला जुन्या विभाजनाचा माग लागला. पण फाइलींची नावे व ठिकाणे जिथे नोंदलेली असतात तो मुख्य तक्ता सहसा सुरुवातीपासून सुमारे 3 जीबीवर असतो, आणि नेमका तोच भाग लिनक्सने व्यापला होता. तेव्हा आपण फोटोरेक या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळलात. तो नावांकडे पाहतच नाही. फाइलीच्या आरंभीच्या खुणा ओळखतो, जसे जेपीईजी छायाचित्र 'एफएफ डी8 एफएफ' या बाइटांनी सुरू होते.

नावे आणि फोल्डर परत येणार नाहीत, तुकड्यांत साठवलेल्या मोठ्या ध्वनिफिती कदाचित अर्धवटच मिळतील, हे आपण काम सुरू करण्यापूर्वीच स्वच्छ शब्दांत सांगितले होते. खोटी आशा न दाखवल्याबद्दल मी आपला विशेष आभारी आहे, कारण पुढे तीन मुलाखती मध्येच तुटलेल्या निघाल्या तेव्हा दुःख झाले तरी फसगत झाल्यासारखे वाटले नाही.

हाती आलेल्या हजारो फाइलींना 'एफ' आणि पुढे नुसते आकडे अशी नावे होती. ते आकडे म्हणजे फाइल जिथून सुरू होते त्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरील छोट्या कप्प्याचा, क्रमांक, ही आपली सूचना मला फार उपयोगी पडली. एकाच दिवशी साठवलेली टिपणे बऱ्याचदा जवळजवळच्या क्रमांकांवर सापडली. छायाचित्रे त्यांच्यातच नोंदलेल्या तारखेवरून लागली. टिपणे मात्र एकेक उघडून वाचावी लागली, आणि त्यात सहा आठवडे गेले. (काही टिपणे मीच लिहिली होती यावर विश्वास बसेना, पण तो दोष फोटोरेकचा नव्हे.)

आता बॅकअप दोन ठिकाणी आहे आणि त्यातील एक डिस्क एरवी संगणकाला जोडलेली नसते. आपली 1 टीबीची डिस्क घेऊन मी येत्या रविवारी येतो. ती पुसून आणण्याचा विचार मनात आला होता, पण ते काम आपल्याच हातून झालेले बरे.

आपला ऋणी,
डिस्क पुसणारा