ऊर्जेचे धोरण एकसंध हवे

महोदय,

महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धनासाठी २०१७ चे, अपारंपरिक ऊर्जेसाठी २०२० चे आणि हरित हायड्रोजनसाठी २०२३ चे अशी स्वतंत्र धोरणे आखली गेली. मात्र निर्मिती, बचत आणि वापराची वेळ यांचा एकत्र विचार करणारे सर्वंकष धोरण राज्याला हवे आहे.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. रात्रपाळीची वीज असली की माझे थोरले बंधू दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, आणि बिबट्याच्या भीतीने घरच्यांचा डोळा लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळण्याची वाट मोकळी होत आहे, याचे मनापासून स्वागत आहे. पण मोटारीचे काय? जळालेली मोटार गावातच भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणायची, ती पुन्हा जळायची, पुन्हा भरायची. आमची तीनदा भरलेली मोटार आता तेवढ्याच पाण्याला अधिक वेळ चालते. सौर प्रकल्पातून आलेली वीज अशा मोटारींत वाया जाणार असेल, तर जुनी मोटार घेऊन कमी वीज खाणारा पंचतारांकित पंप सवलतीत देण्याची तरतूद त्याच धोरणात असली पाहिजे.

नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचे प्रत्येकी २१० मेगावॉटचे तिन्ही संच चार दशकांहून जुने आहेत. ते बंद करायचे तर केव्हा, तेथील वीजवाहिन्या व जागा वीज साठवणूक प्रकल्पासाठी वापरता येतील का आणि कंत्राटी कामगारांना पर्यायी काम कोणते, हे शासनाने धोरणातच लिहून द्यावे.

– एक द्राक्ष उत्पादक, नाशिक