कोकणच्या टूरमध्ये पाचाड कुठंय?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोकण आणि सह्याद्रीत फिरायला गेल्यावर काय काय पाहायचं त्याची यादी आली होती, आमच्या गावात बऱ्याच जणांनी वाचली, पोरांनी फोटो काढून ग्रुपवर पण टाकली. महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड, जंजिरा, गणपतीपुळे, मालवण सगळं आलं त्यात. पण पाचाड नाही. मी सिंदखेड राजा तालुक्यातला आहे साहेब, म्हणून हे मनाला लागलं.

जिजाऊ मासाहेब जन्मल्या आमच्याकडे, लखुजीराव जाधवांच्या वाड्यात, आणि त्यांची समाधी आहे रायगडाच्या पायथ्याला पाचाडला. ६ जून १६७४ ला वर गडावर राज्याभिषेक झाला अन् १७ जूनला त्या गेल्या, लेकाला छत्रपती झालेलं डोळ्यांनी पाहिलं आणि अकरा दिवसात. गडावरची थंड हवा त्यांना मानवत नव्हती म्हणून महाराजांनी खाली पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला, त्याची जोती, भिंती, विहीर अजून पाहायला मिळते. दर १२ जानेवारीला आमच्या सिंदखेडला पाय ठेवायला जागा नसते इतके लोक येतात, पण त्यातल्या कित्येकांना पाचाड माहीतच नाही, अन् टूरवाले गाडी सरळ रोपवेला नेऊन लावतात. आमच्या शेजारच्या काकू रायगड करून आल्या तेव्हा मी विचारलं समाधी पाहिली का, तर म्हणे, "तिथं हाये म्हनून मले कोनी सांगतलंच नाई."

आपल्या भागातून कोकणात जाणं हे पुण्या-मुंबईसारखं शनिवार-रविवारचं काम नाही. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की चार घरं मिळून गाडी करतात आणि मग पाच दिवसात महाबळेश्वर ते मालवण सगळं उरकायचं, निम्मा वेळ गाडीतच, बाया आणि म्हातारे माणसं पार थकून जातात आणि घरी आल्यावर कोणता किल्ला कुठला तेच आठवत नाही.

मला वाटतं आपल्या लोकांनी सावित्री नदी धरून जावं. कृष्णा, कोयना आणि सावित्री तिन्ही महाबळेश्वरच्याच डोंगरातल्या, पण सावित्री खाली कोकणात उतरते, पोलादपूर, महाड करत हरिहरेश्वर-बाणकोटजवळ समुद्राला मिळते. आंबेनळी घाटाने उतरायला लागलं की प्रतापगड रस्त्यातच आहे, अफझलखान १६५९ ला तिथंच पायथ्याला मारला गेला हे सगळ्यांना पाठ असतं, पण गडावर उभं राहून खालची जावळी नीट पाहा. १६५६ ला महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि रायरीही घेतली, तोच पुढं रायगड झाला. घाट ज्याच्या हातात त्यालाच खालच्या बंदरांपर्यंत पोचता येतं, हे तिथून पाहिलं की सांगावं लागत नाही.

मग महाड. चवदार तळं पण तुमच्या यादीत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं सत्याग्रह केला, आपल्याकडे तर दीक्षाभूमीला जाणारे लोक घरोघर आहेत, त्यांनी इथं थांबल्याशिवाय पुढं जाऊच नये.

महाडहून पाचाड, आधी समाधी आणि वाडा, मगच रायगड. गुडघे दुखणाऱ्यांनी रोपवेने जावं, तरण्या पोरांनी पायऱ्यांनी चढावं. वर बाजारपेठ, राजसदर पाहून लोक परत फिरतात, तसं करू नका, जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत चाला, महाराजांची समाधी तिथंच आहे, आणि मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलेलं आहे, "सेवेचे ठायी तत्पर". ज्यानं एवढा गड उभा केला त्यानं नाव कोरलं ते पायरीवर, मला तर तिथून पाय उचलेना.

नंतर समुद्र. हरिहरेश्वरला देवळामागं डोंगराला वळसा घालून समुद्राकडून प्रदक्षिणेची वाट आहे, फार सुंदर आहे, पण भरतीत तिथं लाटा येतात. आपल्या लोकांना नदीचा पूर कळतो, भरती-ओहोटी कळत नाही, म्हणून गावातल्या माणसाला वेळ विचारल्याशिवाय लेकरांना घेऊन खाली उतरू नये. तिथून वर मुरूडकडे गेलं की राजपुरीहून जंजिऱ्याला होड्या सुटतात, पावसाळ्यात बंद असतात. समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो, तो सिद्दीला दाबायला महाराजांनी बांधला, तो पण पाहून घ्या.

मालवण, गणपतीपुळे याच फेरीत कोंबू नये. सिंधुदुर्ग किल्ला बघायला वेगळं जावं, तो अर्ध्या तासात पाहण्यासारखा नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले आले, त्यात रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग तिन्ही आहेत, म्हणजे गर्दी अजून वाढणार.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा मुंबई-पुण्याहून किती किलोमीटर एवढंच नको, जालना, खामगाव, मेहकरकडून निघणाऱ्याने कसं जायचं, कोणती एसटी, कुठं बदलायची तेही द्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट आहे, पण रस्ता माहीत नसल्यामुळे लोक महागडी गाडी करतात. आणि त्या यादीत रायगडाच्या आधी पाचाड लिहा.

आपला वाचक,
सिंदखेड राजा तालुका, जि. बुलढाणा