झोळी आधी शून्यावर आणा

संपादक महोदय,
जुन्या आरोग्यसेविकांच्या गृहभेटींकडे केवळ मायेपोटी केलेली विचारपूस म्हणून पाहू नये. त्यात पक्की शिस्त होती. दाईने हात साबणाने धुतलेत का, नाळेसाठी नवे ब्लेड आणि उकळलेला दोरा वापरलाय का, हे आधी विचारले जाई. नाळ दोन ठिकाणी बांधून मधोमध कापायची आणि बेंबीला काहीही लावायचे नाही. शेणात, राखेत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. त्यांची लागण झाली की तिसऱ्या दिवसानंतर बाळ अंगावर ओढेनासे होई आणि दोष सटवाईला! नवजात धनुर्वात उच्चाटनाची पावती देशाला २०१५ साली मिळाली.

आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेटतात. घरच्या बाळंतपणात पहिल्या दिवशीही. वजन करताना रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आणावा, बाळाचे दुपटे काढावे. पहिल्या काही दिवसांत वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि बहुधा दोन आठवड्यांत भरून निघते. हे आजीला न सांगितल्यास चौथ्या दिवशीच बाटली येते, मग आईचे दूधही कमी होते. इंदूरच्या वस्त्यांत भेटीच्या वेळी आजीला समोर बसवावेच.

– निवृत्त आरोग्यसेविका, इंदूर