बाबा, गुंड्याला उचलू नका

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई तू रडायला लागलीस आणि मला धड काही बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. आधी ते 'गुंड्याला दिसत नाही हे इतके दिवस आपल्या लक्षात कसं नाही आलं' डोक्यातून काढ. त्या दिवशी कुत्र्यांच्या डॉक्टरांनी त्याच्यासमोर बॉल न टाकता कापसाचा बोळा का टाकला माहितीये? बॉल टप्पा खातो, आवाज होतो, गुंड्या त्या आवाजावर धावतो आणि आपल्याला वाटतं याला दिसतंय. बोळा नाकासमोरून गेला आणि पठ्ठ्या ढिम्म. कान आणि नाकाच्या जोरावर सगळ्यांना गंडवत होता! संध्याकाळी जिना उतरायला नाटकं करायचा, आपण म्हणायचो आळशी झालाय, तीच सुरुवात होती. डोळ्यामागचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि आधी अंधारातलं दिसणं जातं. उपाय नाही पण दुखतही नाही, हे वाक्य तू बहुतेक ऐकलंच नाहीस.

आता बाबा. त्याला उचलून नेणं बंद करा प्लीज. तुम्ही रात्री लाइट न लावता बाथरूमला जाता ना, कपाटाला हात लावून बरोब्बर वळता? तुम्हाला कुणी उचलून भलतीकडेच उभं केलं तर? परवा गॅलरीतून आणून सोफ्याजवळ ठेवलंत, तर एक पाय वर धरून तसाच उभा, मान खाली, नुसतं नाक हलतंय, आपण कुठल्या खोलीत आहोत तेच कळेना त्याला. उचलावंच लागलं तर पाण्याच्या भांड्यापाशी सोडा, तिथून पुढचं घर त्याला पाठ आहे. भांडं मात्र जागचं हलवायचं नाही.

आणि आई, दर दोन महिन्यांनी फर्निचर हलवायचा तुझा कार्यक्रम आता कायमचा रद्द! खुर्च्या आत सरकवायच्या, चपला वाटेत नकोत. जिन्याच्या तोंडाशी खरखरीत पायपुसणं टाक, पंजाला लागलं की थांबायचं हे शिकेल हळूहळू, पण तोवर छोटं गेट लावाच. 'पायरी' शब्द मी शिकवायला घेतलाय, दरवेळी तोच एक शब्द, बाबा तुम्ही 'अरे हळू, बघ बघ, पडशील ना' एवढं भाषण देता, त्यातून त्याने काय घ्यायचं? झोपलेला असेल तर हात लावायच्या आधी हाक मारा, दचकून दात लागला तर चूक त्याची नाही. घुंगरूवाला बॉल पाठवतेय.

डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं किंवा पंजाने चोळायला लागला तर मात्र 'उद्या बघू' नको, लगेच दवाखाना. ते दुखणं वेगळं असू शकतं.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. त्याला कॅमेऱ्यासमोर धरू नका हं, फोन खाली ठेवा, मी हाक मारते, येतो का बघू.

तुमची,
चिमी