गोपद्मांसाठी ओटा

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

येत्या आठवड्यात गवंडी घरी येईल, त्याला परत पाठवू नका. पैसे मी देऊन टाकले आहेत. पडवीच्या कडेला, तुळशीकडे तोंड करून, कमरेइतक्या उंचीचा ओटा बांधायला सांगितला आहे आणि त्यावर काळी कडप्पा फरशी बसेल. न विचारता ठरवल्याचा आईला राग येईल, हे ठाऊक आहे; पण विचारले असते तर "कार्तिकीनंतर बघू" हेच उत्तर मिळाले असते.

आषाढी एकादशी जवळ आली आहे. तेव्हापासून कार्तिकीपर्यंत रोज रांगोळीची 33 गोपद्मे, म्हणजे गाईची पावले, उकिडवे बसून काढणे आईच्या गुडघ्यांना आता झेपणारे नाही, आणि मोठ्या आत्याच्या वेळचे आपण कोणीच विसरलेलो नाही. व्रताची पाच वर्षे केव्हाच सरली, उद्यापनही झाले, तरी आई थांबणार नाही, हे मी गृहीत धरले आहे. रांगोळी जमिनीवरच हवी असे कुठे आहे? वृंदावनाच्या कट्ट्यावर आणि चौरंगावरही आपण काढतोच. शिवाय शहापुरातला पाऊस अंगणात काही टिकू देत नाही. पडवीतला ओटा कोरडा राहील. फरशी मुद्दाम पॉलिश न केलेली निवडली आहे, कारण गुळगुळीत दगडावरून शिरगोळ्याची पूड झुळकेसरशी सरकते. आणि काळ्यावरची पांढरी रेघ आईच्या डोळ्यांना सोपी पडेल.

आई, चैत्रांगणातले कासव नेहमी माझ्या वाट्याला यायचे. चिमटीतून पूड भसकन पडली की माझे बोट धरून अंगठा किती दाबायचा ते तू दाखवायचीस, पण कासवाला पाचवा पाय फुटला तरी तो कधी पुसला नाहीस. तुझ्या हातांनी रांगोळी सोडावी, असे मला मुळीच वाटत नाही. छापेही मी आणणार नाही, निर्धास्त राहा.

बाबा, गणपत गल्लीतून रांगोळी आणताना जरा भरड घ्या. फार बारीक पूड पावसाळी हवेत चिमटीला चिकटते. डबा वरच्या फळीवर ठेवू नका. उंबरठ्यावरच्या दोन रेघा शेजारच्या अक्कांच्या नातीला काढू द्या, आणि त्या वाकड्या आल्या तरी आईने पुन्हा वाकून नीट करायच्या नाहीत. ओटा बांधून झाला की आठवडाभर त्याला पाणी मारावे लागेल. ते काम तुमचे, पण बादली न उचलता नळीने मारा.

तुमची,
धाकटी