तांबड्या भाजीच्या जुडीचा हिशेब

महोदय,
गावठी तांबडी भाजी (लाल माठ) महागली, ही कुरकूर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दर खेपेला ऐकते. एकदा माझाही हिशेब ऐका.

भातकापणी झाली की पेडण्यातल्या आमच्या शेतात वाफे घालतो. राईहून बारीक बी राखेत कालवून फेकायचे. मुंग्यांनी नेले नाही तर महिन्याभरात भाजी हाताशी येते. तोवर सकाळ-संध्याकाळ विहिरीचे पाणी. गुरुवारी तिन्हीसांजेला उपटायची, मुळांची माती धुवायची, जुड्या बांधायच्या, पहाटे टेम्पो गाठायचा.

गेल्या शुक्रवारी ६० जुड्या नेल्या. ३५ गेल्या वीस रुपयांनी. अकरानंतर पानांनी माना टाकल्या, तेव्हा १६ जुड्या पन्नासला चार अशा दिल्या. उरलेल्या ९ जुड्या गुरांपुढे टाकल्या. आले ९०० रुपये. टेम्पोचे १५० आणि सोपोचे, म्हणजे बाजारात बसायच्या कराचे, २० गेले. बी, शेणखत आणि आम्हा दोघांची मजुरी अजून धरलेलीच नाही. (घोव म्हणतो, धरूच नको, झोप उडेल.)

बेळगावचा कोबी चार दिवस टिकतो, आमची भाजी अर्धा दिवसही नाही. मला अनुदान नको. पालेभाजीवाल्यांना सावलीची जागा मिळावी. ओले गोणपाट उन्हात तासाभरात वाळते.

– एक भाजीविक्रेती, पेडणे